अमेरिकेचं पायलट लायसन्स भारतात बदलून घेताना : अंबाजोगाईच्या एका वडिलांना उत्तर

(प्रश्न थोडक्यात असा. अंबाजोगाई तालुक्यातले जिल्हा परिषदेचे एक शिक्षक विचारतात : मुलगी टेक्सासमध्ये शिकते. तिला एफएए या अमेरिकी विमान नियामक खात्याचं कमर्शियल लायसन्स, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसताही यंत्रांवरून उडवण्याची परवानगी) आणि मल्टी-इंजिन मिळालं आहे. लॉगबुकात एकूण २३२ तास, त्यात पीआयसी, म्हणजे विमानाची मुख्य जबाबदारी असलेली वैमानिक, म्हणून १४१. व्हिसाचे अडीच महिने उरले आहेत. शिक्षणकर्ज काढलं, अडीच एकर विकली. एक एजंट म्हणतो, एकरकमी पैसे भरा, ४५ दिवसांत कन्व्हर्जन करून देतो. लेकीला लगेच बोलावून घ्यावं का? कन्व्हर्जन म्हणजे नेमकं काय करतात? उरलेली जमीन टाइप रेटिंगसाठी, म्हणजे कंपनीच्या एका विशिष्ट विमानाच्या परवानगीसाठी, विकायला काढावी का? मुलीच्या तासांचा तपशीलही त्यांनी सोबत पाठवला आहे.)

गुरुजी, लेकीला लगेच बोलावू नका. हे अडीच महिने तिच्या हातात आहेत ही फार चांगली गोष्ट आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक लेकरं परतल्यावर येतात. तेव्हा जी दुरुस्ती तिकडे चार दिवसांत झाली असती, तिला इथे महिने लागतात आणि पैसाही जास्त जातो. नांदेडकडची म्हणा, परभणी-हिंगोलीकडची म्हणा, आपल्या भागातली पोरं घरातलं सगळं पणाला लावून जातात, म्हणून हे उत्तर जरा लांबलं तरी पूर्ण वाचा आणि तिलाही वाचायला द्या.

आधी कन्व्हर्जन म्हणजे काय ते. १९४४ च्या शिकागो करारावर सह्या केलेले देश एकमेकांच्या लायसन्सला मान देतात, पण तो मर्यादित असतो. ज्या देशात विमानाची नोंदणी, त्या देशाचं लायसन्स किंवा त्या देशाने वैध ठरवलेलं लायसन्स वैमानिकाकडे हवं, असं त्या कराराचं ३२ वं कलम सांगतं. अमेरिकी नोंदणीचं विमान ती आजही उडवू शकते. आपल्या विमान कंपन्यांची विमानं मात्र ‘व्हीटी’, म्हणजे भारतातल्या नोंदणीची. त्यासाठी दोन वाटा आहेत. एक, परदेशी लायसन्स ठरावीक मुदतीसाठी ग्राह्य धरणं. परदेशी कॅप्टन आपल्या कंपन्यांत येतात ते या वाटेने. दुसरी, भारताने स्वतःचं नवं लायसन्स देणं. तुमच्या मुलीला दुसरी वाट धरायची आहे. म्हणजे डीजीसीए, आपलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, तिचं अमेरिकी लायसन्स पाहून शिक्का मारत नाही. ते लायसन्स खरं आहे ना हे तपासतं, आणि मग तिचं उड्डाण आपल्या नियमांनी पुन्हा मोजतं. तिथे लायसन्सपेक्षा लॉगबुक महत्त्वाचं ठरतं. जमीन घेताना आपण नुसत्या सातबाऱ्यावर विसंबत नाही, मागचे फेरफार एकेक करून बघतो. डीजीसीएचा माणूस लॉगबुक तसंच वाचतो.

आता आपला नियम. कमर्शियल लायसन्ससाठी अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत किमान २०० तास हवेत. त्यात किमान १०० तास पीआयसी म्हणून, आणि त्या १०० पैकी १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले. पीआयसी म्हणून किमान २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या मार्गावरचं उड्डाण, त्यात ३०० नॉटिकल मैलांची एक फेरी, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेली. इन्स्ट्रुमेंटचे किमान १० तास, त्यात सिम्युलेटरचे पाचपेक्षा जास्त चालत नाहीत. रात्रीचे किमान पाच तास आणि त्यात पीआयसी म्हणून १० टेक-ऑफ, १० लँडिंग, तीही सहा महिन्यांच्या आतली. इन्स्ट्रुमेंट रेटिंग चढवायचं तर पीआयसी क्रॉस-कंट्री ५० तास आणि इन्स्ट्रुमेंट ४० तास लागतात, त्यातले सिम्युलेटरवरचे जास्तीत जास्त २०.

आकडे बघून तुम्ही म्हणाल, २३२ आणि १४१, सगळं बसतंय की. अडचण अशी की अमेरिकेत पीआयसी तास लिहायची पद्धत वेगळी आहे. तिथे त्या विमानाचं रेटिंग असलेला वैमानिक एकटा कंट्रोल हाताळत असेल, तर शेजारी प्रशिक्षक बसलेला असतानाही तो वेळ पीआयसी म्हणून लिहू शकतो. त्यांच्या नियमात ते पूर्ण कायदेशीर आहे, तुमच्या मुलीने काही चुकीचं केलेलं नाही. दुसरी त्यांची सोय सेफ्टी पायलटची. एक जण डोळ्यांवर हूड लावून यंत्रांवर सराव करतो, दुसरा बाहेर लक्ष ठेवतो, आणि ठरावीक अटींत दोघेही तोच तास आपापल्या लॉगबुकात लिहितात. विमानाचं भाडं अर्धं-अर्धं वाटून घेता येतं, म्हणून तास वाढवायला मुलं हा मार्ग धरतात. आपल्याकडे प्रशिक्षक शेजारी असेल तर तो वेळ ड्युअल, म्हणजे शिकण्याचा, पीआयसीचा नाही. आणि एका वैमानिकाने उडवायच्या विमानात शेजारी बसून बाहेर बघणाऱ्याचा तास तपासणीत टिकत नाही.

तुम्ही पाठवलेल्या तपशिलात मुलगी सेफ्टी पायलट म्हणून बसलेले ३० तास आहेत, आणि प्रशिक्षक सोबत असताना पीआयसीच्या रकान्यात लिहिलेले २४. आता आपल्या पद्धतीने मोजा. २३२ मधून ३० गेले, उरले २०२. प्रशिक्षकासोबतचे २४ एकूण वेळेत राहतात, कारण ते ड्युअल म्हणून चालतात. पण पीआयसीत १४१ मधून ३० आणि २४ दोन्ही वजा होतात, उरतात ८७. म्हणजे लेक १३ तासांनी कमी पडते. ही गोष्ट एजंटने तुम्हाला सांगितली नसेल, कारण त्याने लॉगबुक पाहिलेलंच नाही.

हे १३ तास तिने तिकडेच भरावेत. एकटीने, सेसना १७२ वर, दिवसाची क्रॉस-कंट्री करत. मी तर म्हणतो २० तास करून यावं. तपासणीत एखादी नोंद अर्धवट निघते, एखादा तास कापला जातो, अशा वेळी हाताशी थोडं जास्त असलेलं बरं. अमेरिकेत एकल इंजिनाचं विमान लगेच मिळतं, विमानतळ जागोजागी आहेत, दिवसाला पाच-सहा तास उडता येतं. इथे फ्लाइंग क्लबात आपली पाळी, विमानाची दुरुस्ती, हवामान, सगळं जुळून यायला लागतं.

आणखी एक बारीक जागा आहे, तिथे भलेभले अडकतात. अमेरिकी कमर्शियलसाठीही ३०० नॉटिकल मैलांची फेरी आणि रात्रीचे १० टेक-ऑफ-लँडिंग लागतातच. त्यामुळे मुलांना वाटतं, हे तर झालं. पण एफएए ती उड्डाणं एकट्याने किंवा प्रशिक्षक सोबत असताना पीआयसीची कामं करून, अशी दोन्ही प्रकारे मान्य करतं. बऱ्याच शाळा विम्याच्या कारणाने रात्री प्रशिक्षकाला बसवतात. तसं असेल तर आपल्या नियमात ती फेरी आणि ती लँडिंग पीआयसीची नाहीत. लेकीला विचारा, त्या दिवशी शेजारी कोण बसलं होतं? शेरा-रकान्यात प्रशिक्षकाची सही असेल तर ती फेरी पुन्हा करावी, एकटीने, आणि शेऱ्यात दोन्ही थांब्यांची नावं आणि एकूण अंतर स्पष्ट लिहावं. रात्रीची लँडिंगही तशीच, प्रत्येक वेळी पूर्ण थांबून केलेली, आकडा वेगळ्या रकान्यात. रात्र कधीपासून धरायची हेही दोन्हीकडच्या नियमांत बघून घ्यावं.  अमेरिकेत लॉगबुकासाठी नागरी संधिप्रकाश संपल्यापासून मोजतात. काठावरची वेळ न घेता चांगला अंधार पडल्यावर उडालं की दोन्हीकडे चालतं.

या दोन महिन्यांत आणखी तीन कामं तिकडेच उरकायची. परीक्षेनंतर मिळतं ते कागदी तात्पुरतं प्रमाणपत्र १२० दिवस चालतं. कायमचं प्लास्टिकचं कार्ड हातात आलं आहे ना ते बघा, पत्ता चुकल्यामुळे अडकलेली कार्डं मी पाहिली आहेत. दुसरं, लायसन्स खरं असल्याची पडताळणी. एफएएचं वैमानिक प्रमाणपत्रांचं काम ओक्लाहोमा सिटीतून चालतं, तिथे पडताळणीची विनंती तिने निघण्याआधीच टाकावी. हे पत्र नसेल तर फाईल पुढे सरकत नाही, आणि इथून पाठपुरावा करणं अवघड जातं. भारतात २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स मिळवलेले वैमानिक पकडले गेले होते, ही काटेकोर तपासणी त्या काळापासून आपण सगळे भोगतो आहोत, आणि ती हवीच. तिसरं, शाळेकडून प्रशिक्षणाचं पत्र, उडवलेल्या विमानांची यादी आणि लॉगबुकाच्या प्रत्येक पानावर मुख्य प्रशिक्षकाची सही. शाळा बंद पडली किंवा प्रशिक्षक नोकरी सोडून गेला की त्या सह्या कुठून आणणार?

आता इथली बाजू. यातलं पहिलं काम तुम्हालाच करायचं आहे, आणि ते मुलगी तिकडे असतानाच सुरू करा. परीक्षेला बसायला डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा ओळख क्रमांक, लागतो. त्यासाठी शिक्षण मंडळाकडून गुणपत्रिकांची पडताळणी करून घ्यावी लागते. तुम्ही लिहिलंय की दहावी अंबाजोगाईत आणि बारावी लातूरला. बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येतो, लातूर जिल्हा लातूर विभागीय मंडळात. म्हणजे दोन कार्यालयं. लातूर जवळ आहे म्हणून दोन्ही कागद घेऊन तिकडेच गेलात तर हेलपाटा पडेल.

बारावीला गणित होतं ना, हेही एकदा खात्रीने सांगा. लातूरला डॉक्टरकीच्या तयारीसाठी गेलेली पुष्कळ मुलं जीवशास्त्र घेऊन गणित सोडतात. अमेरिकेत लायसन्स मिळवताना हे कुणी विचारत नाही. इथे भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही बघतात. गणित नसेल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून तो एक विषय देता येतो, पण परीक्षेच्या तारखा आणि निकाल धरून त्याला वेळ लागतो, म्हणून ते आजच ठरवायला हवं.

नावाचं तर फारच सांभाळा. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. एफएएच्या कार्डावर कधी मधलं नाव गळतं, कधी स्पेलिंगमध्ये एखादा ‘ए’ कमी-जास्त होतो. तीन कागदांवर तीन नावं दिसली की फाईलवर शंका येते. पासपोर्ट प्रमाण धरा, बाकी त्याच्याशी जुळवा, आणि जे जुळत नाही त्यासाठी प्रतिज्ञापत्र आताच करून ठेवा. जन्मगाव, जिल्ह्याचं नाव यांतही आपल्याकडे अडचण येते, कारण जुन्या कागदांवर औरंगाबाद, उस्मानाबाद आहे आणि नव्यांवर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. तुम्ही बीडचे म्हणून सुटलात, पण हे वाचणाऱ्या इतरांनी लक्ष द्यावं.

परीक्षा मोजक्याच आहेत. परदेशी कमर्शियल असलेल्याला टेक्निकल जनरल हा विमानाच्या तंत्राचा पेपर द्यावा लागत नाही. एअर रेग्युलेशन्सचा एक पेपर, नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजीचा एकत्र दुसरा. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पण हलक्यात घेऊ नका. मी रेग्युलेशन्स आणि नेव्हिगेशन शिकवतो आणि अमेरिकेहून आलेली हुशार मुलं पहिल्या पेपरला पडताना बघतो. ती तिकडच्या आकाशाला सरावलेली असतात. तिकडे हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, इथे हेक्टोपास्कलमध्ये. तिकडे ट्रान्झिशन अल्टिट्यूड (जिच्या वर सगळे एकाच प्रमाण दाबावर उंची मोजतात) सरसकट १८,००० फूट, इथे प्रत्येक विमानतळाचं वेगळं आणि पुष्कळ खाली. तिकडे चांगल्या हवेत व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून उडायच्या नियमांनी, निघालात तर बहुतेक ठिकाणी फ्लाइट प्लॅनही लागत नाही. इथे प्लॅन द्या, हवाई संरक्षणाचा एडीसी नंबर घ्या, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर घ्या, मगच चाकं हलवा. हवामानातही तेच. टेक्सासच्या टोर्नेडोची तिला पक्की माहिती असेल, पण पेपरात विचारतात मान्सूनचं आगमन, पश्चिमी विक्षोभ, बंगालकडचे कालबैसाखी, उत्तरेतली आंधी. वळवाचा पाऊस कसा येतो हे अंबाजोगाईच्या डोंगरावर वाढलेल्या मुलीला सांगायला नको, दुपारी तापलेल्या जमिनीवरून ढग कसे उभे राहतात हे तिने लहानपणापासून पाहिलंय. तेच आता तिने पुस्तकाच्या भाषेत मांडायला शिकायचं आहे.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी परीक्षा मात्र रेडिओची, आरटीआर. लेखी भाग आणि तोंडी भाग. तोंडी परीक्षेत समोरचा टॉवर बनतो, तुम्ही वैमानिक, आणि संपूर्ण उड्डाण बोलून दाखवायचं, मध्ये इंजिन बंद पडलं, रेडिओ गेला, आजारी प्रवासी आहे, असं काहीही येतं. पूर्वी ही परीक्षा दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाकडे होती. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, त्याने हे काम नागरी विमान वाहतुकीकडे आणलं. त्यामुळे कार्यालयांच्या फेऱ्या कमी होतील, पण अमेरिकी धाटणीचं मोकळंढाकळं बोलणं इथे चालत नाही, शब्दन् शब्द ठरलेला आहे. मुलीला आत्तापासून रोज अर्धा तास मोठ्याने बोलून सराव करायला सांगा. आमच्या वर्गात सगळ्यात जास्त मेहनत मी यावर करून घेतो, कारण मराठी माध्यमातून आलेली मुलं विषयात कच्ची नसतात, बोलताना घाबरतात. इंग्रजीची आयसीएओ (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) पातळी किमान चार लागते, तीही याच सरावातून येते.

मेडिकल : डीजीसीएचं क्लास वन लागतं, अमेरिकेचं फर्स्ट क्लास इथे चालत नाही. जाण्याआधी केलं असेल आणि मुदत संपली असेल तर नूतनीकरण होतं. केलंच नसेल तर आधी क्लास टू, मग क्लास वन. तारखा मिळायला वेळ लागतो, म्हणून ती परतण्याच्या आठवड्यातली तारीख आत्ताच बघा.

मग उरतं इथलं उड्डाण. दिवसाची आणि रात्रीची जनरल फ्लाइंग टेस्ट, दिवसाची २५० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री चाचणी, रात्रीची १२० नॉटिकल मैलांची, कुठेही न उतरता परत येण्याची, आणि इन्स्ट्रुमेंटची तपासणी. ही तपासणी ठरावीक विमानावर होते, म्हणून तिने तिकडे जे विमान जास्त उडवलं तेच ज्या क्लबात आहे तिथे जा. नाव मोठं म्हणून क्लब निवडू नका. आपल्याला जवळचे म्हणजे जळगाव, बारामती, धुळे, उमरग्याच्या पलीकडे कलबुर्गी. जाऊन बघा, विमानं उडतायत की हँगरमध्ये उभी आहेत, परीक्षक महिन्यातून कितीदा येतो, रात्रीच्या उड्डाणाला धावपट्टीचे दिवे रोज मिळतात का. आणि पावसाळा टाळा. जून ते सप्टेंबर ढग खाली असतात, रात्रीच्या क्रॉस-कंट्रीसाठी मुलं आठवडेच्या आठवडे वाट बघत बसतात आणि वसतिगृहाचं भाडं भरत राहतात.

या सगळ्याचा क्रम फार महत्त्वाचा आहे, एजंटचे ४५ दिवस इथेच फसतात. पेपर, आरटीआर, मेडिकल, पडताळणीचं पत्र हे सगळं हातात आल्यावर उड्डाण करायचं. उलट केलं तर काय होतं? मुलगी येते, उत्साहात पहिल्या महिन्यात सगळ्या चाचण्या उडवून टाकते, मग आरटीआरला एकदा नापास होते, पडताळणीचं पत्र येत नाही, आणि बघता बघता सहा महिने उलटतात. मग तेच १५ तास, तीच रात्रीची लँडिंग, त्याच चाचण्या पुन्हा, पुन्हा लाखांत खर्च. तिकडे आता जी २० तास उडेल त्यांचीही सहा महिन्यांची मुदत मोजत राहा. म्हणून तिने तिकडेच अभ्यास करून यावं, आल्याबरोबर पेपर द्यावेत. ऑनलाइन मागणीनुसार परीक्षेची सोय आहे, नियमित सत्राची वाट बघत बसायची गरज पडत नाही. अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवरून जातो, मुंबई-दिल्लीच्या चकरा पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. अर्ज भरण्याच्या दिवशी त्यावेळचं परिपत्रक स्वतः उघडून वाचा, अटींत मधूनमधून बदल होतात.

एजंटबद्दल एवढंच सांगतो. कागद लावून देणाऱ्याला मेहनताना द्यायला हरकत नाही. पण जो लॉगबुक न बघता हमी देतो आणि सगळे पैसे आधी मागतो, त्याला नमस्कार करा. आणि तो ‘तास जुळवून देतो’ म्हणाला तर त्या माणसाशी पुन्हा फोनवरही बोलू नका. लेकीच्या सहीखाली खोटा तास चढला तर ती आयुष्यभर या धंद्यात उभी राहू शकणार नाही, शिवाय तिच्यामागे बसणाऱ्या माणसांचा जीव त्या सहीवर असतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी मनापासून देतो : उरलेली जमीन आत्ता काढू नका. एअरबस ए३२० किंवा बोईंग ७३७ चं टाइप रेटिंग स्वतःच्या पैशाने आधीच करून ठेवलं की नोकरी लवकर लागते, असं वर्गावर्गांत सांगितलं जातं. पण ते रेटिंगही चालू ठेवावं लागतं. नोकरी लांबली की सिम्युलेटरची तपासणी पुन्हा, खर्च पुन्हा. कंपनीने आज बोईंगवाले घेतले आणि तुमच्या मुलीकडे एअरबस असेल तर ते पैसे अडकून पडले. आधी भारतीय लायसन्स हातात येऊ द्या. मग ती कंपन्यांच्या लेखी परीक्षा, मुलाखती देऊ देत. निवडीचं पत्र आल्यावर टाइप रेटिंग कोणत्या विमानावर आणि कुणाच्या खर्चाने हे ठरेल, आणि तेव्हा बँकेकडे जाताना तुमच्या हातात नुसती आशा नसेल, एका कंपनीचा कागद असेल. तोवर हप्ते भरायला पगार पुरत नसेल तर बँकेला लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून मागा, शिक्षणकर्जात तशी विनंती करता येते.

लॉगबुकाच्या सगळ्या पानांचे स्वच्छ फोटो तिने मला पाठवावेत, शेरा-रकाना वाचता येईल असे. त्या ३०० मैलांच्या फेरीचं पान आधी बघतो. विमान बुक करायच्या आधी तिला नेमकं काय उडायचं आहे ते लिहून देतो.